डॉक्टरांच्या गाडीचा डावा दरवाजा

३ फेब्रुवारी

धाकट्या,

नमस्कार-आशीर्वाद काही लिहीत नाही. पहिल्या ओळीवरूनच तू ठरवशील पुढे वाचायचं की नाही, म्हणून कामाचं आधी. दातांचे डॉक्टर गाडी परत घेऊन आलेत. तीच, गोल दिव्यांची, हस्तिदंती. डावा दरवाजा पुन्हा रंगवायचा आहे आणि तो तुझ्याशिवाय कुणी रंगवू नये असं मला वाटतं. येशील का, एवढं विचारायला हे पत्र.

आता बाकीचं. वर्कशॉप चालू आहे, म्हणजे शटर वर जातं आणि खाली येतं. बाबांची खाट खिडकीपाशी आहे तशीच आहे. मी जेवते, झोपते, कामाला बसते. लोक विचारतात कशी आहेस, मी म्हणते बरी आहे, आणि त्यात खोटं काही नसतं. हिरडीत सुई दिल्यावर ओठ जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं ऑक्टोबरपासून चाललंय. दुखत नाही म्हणून तक्रारही करता येत नाही.

बाबांना नेलं त्या दिवशी तू आलास ते मी पाहिलं. फाटकाजवळ तासभर उभा होतास आणि चहासुद्धा न घेता परत गेलास. मला राग आला नाही. यायला हवा होता, हे नंतर लक्षात आलं.

डॉक्टरांनी आल्या आल्या तुझी चौकशी केली. तो रंगाच्या स्प्रे-गनवाला भाऊ कुठे गेला, म्हणाले. मी सांगितलं, लांबच्या गावी फ्रिजच्या कारखान्यात असतो, दिवसभर पांढरा मारतो. ते म्हणाले, का गेला? मग मला तीन वर्षांपूर्वीचं सगळं त्यांच्यासमोर पुन्हा बोलावं लागलं. रंग मी जुळवला, गन तू चालवलीस, बाकी गाडी मूळ रंगात होती आणि ठोकलेला डावा दरवाजा तेवढा नवा करायचा होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर उन्हात गाडी लावून आले आणि म्हणाले, बाकी तोंड ठीक आहे, हा एक दात नस मेल्यासारखा दिसतो. तू म्हणालास, ताई, रंगच निळा गेलाय. मी म्हणाले, रंग बरोबर आहे, तुझा हात पातळ पडलाय आणि खालचा राखी प्रायमर वर डोकावतोय. बाबा तुला म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. तू गन धुतलीस, खुंटीला लावलीस, आणि संध्याकाळच्या गाडीने गेलास.

डॉक्टर किल्ली देऊन गेले. गाडी आत उभी आहे. तिच्यावर चादर टाकली आहे. उत्तर पाठव, हो किंवा नाही.

ताई

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. अडीच ओळींचं. "माझा हात पातळ आहे. तुमच्या दरवाज्याला चालणार नाही. जाड हाताचा कुणीतरी बघा." छान लिहिलंयस, बाबा वाचून हसले असते. रंगाच्या थराला आपण हात म्हणतो, पहिला हात, दुसरा हात, पण मी त्या दिवशी थराबद्दल बोलत होते आणि तू ते मनगटाला लावून घेतलंस. लावून घेणारच. तीन वर्षं कुणी ते काढलंही नाही.

मी पहिल्या पत्रात अर्धंच लिहिलं. उरलेलं आता लिहिते, कारण ते न सांगता तुला बोलावणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा.

तुझा हात पातळ नव्हता. रंग निळा होता. चूक माझी होती.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. किती वर्षं होता ते डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही, सहा-सात तरी असावीत. धुरकट दिसायला लागलं असतं तर मी आधीच गेले असते. माझा मोतीबिंदू पिवळा होता. बाई म्हणाल्या, काविळीच्या माणसाला जग पिवळं दिसतं म्हणतात ना, तसंच समजा, तुमच्या भिंगाचाच चहा झालाय. चहातून बघणाऱ्याला पिवळ्यात कमी-जास्त कळत नाही. पांढरा, साय, लोणी, हस्तिदंत, सगळे एका रांगेत बसलेले दिसतात. मला ते कळलं नाही आणि कुणाला शंकाही आली नाही. बाबा सगळ्यांना सांगत की बायकांची नजर रंगाला पक्की असते, माझ्या पोरीने एकदा बघितलं की पुन्हा बघायला नको. मीही ते ऐकून ऐकून पुन्हा बघणं सोडून दिलं होतं.

कुणीतरी मागे लागलं म्हणून दाखवायला गेले. उजवा डोळा आधी केला, डावा अजून व्हायचा आहे. त्यामुळे सध्या माझ्याकडे दोन प्रकारचे डोळे आहेत. एक झाकला की स्वयंपाकघराची भिंत पिवळी, दुसरा झाकला की तीच पांढरी. पहिल्या दिवशी मी लहान पोरासारखी भिंतीसमोर उभी राहून डोळे मिचकावत होते.

मग मी नमुन्यांच्या फळीपाशी गेले. आपल्या सगळ्या गाड्यांच्या पट्ट्या आहेत तिथे, तुला माहीत आहे. डॉक्टरांच्या गाडीची काढली. पत्र्याची पट्टी, मधोमध गाडीच्या मूळ रंगाची खपली चिकटवलेली, भोवती मी जुळवलेला रंग. तो मी ब्रशने दिलेला होता, तीन हात, चांगले जाड. तुझी गन त्या पट्टीला लागलेलीच नव्हती. डाव्या डोळ्याने पाहिलं तर खपली रंगात बुडून गेलेली, शोधावी लागावी इतकी. उजव्याने पाहिलं, तर निळसर ताटात लोण्याचा गोळा ठेवावा तशी वेगळी. मी पट्टी उन्हात नेली, सावलीत नेली, ट्यूबखाली धरली. तिन्ही ठिकाणी तेच.

त्यानंतर मी इतर पट्ट्याही पाहिल्या. अकरा निळ्या आहेत. त्या अकरा लोकांपैकी कुणी परत आलं नाही. डॉक्टर आले, कारण रोज खिडकीपाशी बसून दातांच्या छटा जुळवणाऱ्या माणसाला ते खुपत राहिलं. मी परवा त्यांनाही खरं सांगितलं. ते म्हणाले, भावाला कळवलंत का? मी म्हणाले, कळवते. म्हणून हे पत्र.

माफ कर असं लिहायला हवं. लिहिते, माफ कर. तीन वेळा लिहून पाहिलं, तिन्ही वेळा ते कुणीतरी दुसऱ्याने लिहिल्यासारखं वाटलं. वाटत काही नाही रे, पण ते खरं आहे.

ताई

७ मार्च

धाकट्या,

या वेळी पानभर लिहिलंस. पहिलं अर्धं पान तू मला शिव्या दिल्यास, त्या माझ्या हक्काच्या आहेत, ठेवून घेतल्या. तू म्हणतोस की तीन वर्षं रोज फ्रिज रंगवताना तू अंगठ्याने थराची जाडी तपासत होतास, कारण आपला हात खरंच पातळ आहे असं तुला वाटायला लागलं होतं. तिथला मुकादम हसायचा, म्हणायचा हा फ्रिज आहे, रणगाडा नाही. हे मी वाचलं आणि कागद टेबलावर ठेवून भांडी घासून आले. मग पुन्हा वाचलं.

शेवटी तू एकच विचारलंयस. बाबांना जायच्या आधी हे कळलं होतं का?

नाही, कळलं नाही. बाबा ऑक्टोबरात गेले. डोळा मी नोव्हेंबरात करून घेतला. ते असेपर्यंत मलाच माहीत नव्हतं, तर त्यांना कुठून कळणार? त्यांच्या मनात तुझ्याबद्दल राग नव्हता एवढं मी सांगू शकते. आजारपणात तुझं नाव निघायचं. तुझी गन ते मला दर महिन्याला खोलून, साफ करून ठेवायला लावत. थिनरच्या वासाने त्यांना खोकला यायचा, तरी ती त्यांच्या समोर बसूनच धुवावी लागे.

तू ये किंवा नको येऊस, विचारलेलं सांगितलं.

ताई

१८ मार्च

धाकट्या,

येतोस हे वाचलं. रविवारची दुपारची गाडी, सव्वाचारला पोहोचते. मी स्टेशनवर येत नाही, गर्दीत मला अजून अंतराचा अंदाज येत नाही, दोन डोळे दोन गोष्टी सांगतात. तू सरळ वर्कशॉपवर ये.

तयारी सांगते. दरवाजा उतरवला आहे. जुना रंग मी काढला, पत्र्यापर्यंत. रंग मात्र जुळवलेला नाही, तो तू जुळवायचास. मूळ रंगासाठी मी दरवाज्याचं आतलं अस्तर काढून ठेवलंय. खिडकीची काच खाली जाते तिथे, रबराच्या पट्टीमागे, बोटभर जागा आहे. बाबा म्हणायचे ना, गाडीचा रंग गाडीला विचारा, मालकाला नाही, आणि तोही उन्हाने न पाहिलेल्या जागी विचारा. मालकाला विचारलं तर तो आठवणीतला रंग सांगतो. डॉक्टरांना मी मुद्दाम विचारलं, तर ते म्हणाले गाडी त्यांच्या लहानपणी दुधासारखी पांढरी होती. रबर काढून दाखवलं, तर लोण्याहूनही पिवळी. ते बराच वेळ वाकून बघत होते. म्हणाले, म्हणजे आमच्या घरात कुणाला काही नीट आठवतच नाही म्हणा की.

गन साफ आहे. नवे वॉशर टाकलेत. बाबांच्या खोलीत तुझी झोपायची सोय केली आहे, तुला चालणार नसेल तर मी तिथे झोपेन.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. "त्यांना कळलं नाही आणि तुलाही कळलं नव्हतं, मग कुणाला काय बोलायचं, मिटलं." बायकोने डोकं शांत ठेवायला सांगितलंय असंही लिहिलंस. तिला माझा नमस्कार सांग. तिच्यासाठी इथून काय न्यायचं ते विचारून ये.

ताई

२० मार्च

धाकट्या,

परवाच्या पत्रासोबतच हे जायला हवं होतं. तुझं पत्र मी परवा पुन्हा काढलं आणि मधला एक परिच्छेद वाचला, जो आधी घाईत सुटला होता. तू लिहिलंयस की बाबांना नेलं त्या दिवशी तू फाटकातून आत येणार होतास, पण मी काळा चष्मा लावून उभी होते आणि तुला वाटलं, ताईचे डोळे रडून सुजलेत, आपण गेलो तर आणखी रडेल. म्हणून तू परत गेलास.

मी रडलेले नव्हते. तो चष्मा डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला होता. ऊन लागू द्यायचं नव्हतं.

हिशेब तूच कर. नोव्हेंबर मी खोटं लिहिलं. ऑपरेशन तेवीस सप्टेंबरला झालं. सत्तावीसला मी फळीवरून पट्टी काढली. बाबा बारा ऑक्टोबरला गेले. मध्ये पंधरा दिवस होते. बाबा त्यातले बहुतेक दिवस शुद्धीवर होते, बोलत होते, तुझा पत्ता त्यांच्या उशाखालच्या वहीत होता. एक पत्र टाकलं असतं, तर तू तिसऱ्या दिवशी इथे असतास.

आणि नुसती गप्प राहिले असते तरी वेगळं होतं. तुला सगळं सांगते.

डोळे दाखव म्हणून माझ्या मागे कोण लागलं, ते मी त्या पत्रात लिहिलं नाही. बाबा लागले. उन्हाळ्यापासून रोज एकच. मी म्हणायची, मला सगळं दिसतंय, उगीच खर्च कशाला. ते म्हणायचे, तरी दाखव. एकदा तर औषध घ्यायचंच बंद केलं, तू डोळे दाखवशील तेव्हा घेईन म्हणाले. मला वाटलं म्हाताऱ्याचा हट्ट. त्यांना कशाची शंका होती ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

सत्तावीस तारखेला दुपारी मी पट्टी उन्हात, सावलीत, ट्यूबखाली पाहून फळीवर परत ठेवली आणि त्यांच्यासाठी पेज घेऊन आत गेले. ते खिडकीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी विचारलं, "डॉक्टरांच्या गाडीची पट्टी बघितलीस का?"

मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. त्यांनी आपणहून विचारलं. म्हणजे ते याचीच वाट बघत होते.

मी म्हणाले, "बघितली."

"नव्या डोळ्याने?"

"हो."

"कशी दिसते?"

मी वाटी हातात धरून उभी होते. त्या वेळी माझ्या मनात काय काय होतं ते आठवून लिहिते, सबब म्हणून नाही. अकरा गाड्या होत्या. माझी नजर पक्की म्हणून ते तीस वर्षं ज्याला त्याला सांगत आले, ते होतं. आणि तू होतास, की आता तू येशील, आणि या खोलीत त्यांच्या उशाशी तू बसशील आणि मी बाहेर पट्ट्या पुसत असेन. हे शेवटचं सगळ्यात आधी मनात आलं.

मी म्हणाले, "होती तशीच आहे. रंग बरोबर आहे."

मी पेज भरवायला बसले, तर त्यांनी चमचा हाताने बाजूला केला. म्हणाले, "मग मीच उगीच आशा धरून बसलो होतो. म्हटलं, तुझ्या डोळ्याचा दोष निघाला तर पोराला बोलावून घेता येईल."

मी म्हणाले, "बोलवायचं तर तसंही बोलवू." ते म्हणाले, "तसं कसं? मी त्याला सगळ्यांदेखत बोललो. तो चुकला असेल तर मी काय म्हणून बोलवू, आणि चुकला नसेल तर माफी मागून बोलवतो. मधलं मला येत नाही." मग त्यांनी भिंतीकडे कूस केली. त्यानंतर त्यांनी तुझं नाव काढलं नाही. आजारपणात नाव निघायचं असं मी लिहिलं ते त्या दिवसापर्यंतचं आहे.

पुढचे पंधरा दिवस मी त्यांना औषध दिलं, अंग पुसलं, कूस बदलली. रोज सकाळी ठरवायची की आज सांगते. बाराव्या दिवशी त्यांचं बोलणं बंद झालं, तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मला शेवटचं काही वाटलं असेल तर ते हे. त्यानंतरचं तुला माहीत आहे.

तुला मी हे सांगितलं नसतं, तर तू रविवारी आला असतास, आणि मिटलं असतं. रंग तू जुळवला असतास, आपण दरवाजा बसवला असता, डॉक्टर खूश होऊन गेले असते. मी खोली झाडली आहे, चादर बदलली आहे. तू तिथे झोपणार आणि सकाळी मला विचारणार, इथेच पडून असायचे का ते, काय बोलायचे, आणि मी पुन्हा काहीतरी जुळवणार. ते मला जमेल हे मला माहीत आहे, म्हणूनच लिहिते.

हे पत्र आत्ताच टपालात टाकते, म्हणजे शनिवारी सकाळी तुझ्या हातात पडेल. तिकीट परत करायची खिडकी दुपारी दोनपर्यंत उघडी असते.

ताई